पहाटे तीनच्या चहातली गोळी

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गटारीच्या दिवशी सकाळी पावणेनऊला दादरच्या फुलबाजारातल्या दोन हमालांनी एका माणसाला टॅक्सीत घालून आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. वय ४६, वजन ५४ किलो. चेहरा, मान, छाती उकडून काढल्यासारखी लाल. डोळे तांबारलेले, उलट्या थांबत नव्हत्या आणि 'छातीत घण बसतायत' याखेरीज तो काही बोलत नव्हता. नाडी १३२, रक्तदाब ८४/५०. अंगाला दारूचा वास येत होता आणि त्यात झेंडूचा मिसळला होता.

निवासी डॉक्टरांनी दोन शक्यता धरल्या आणि दोन्ही बरोबरच धरल्या. एक म्हणजे हार्ट अटॅक, दुसरी विषारी दारू. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून मुंबईत दारू पिऊन कोसळलेला माणूस आला की ती आठवण होतेच. ईसीजीत ठोके जलद आणि एसटी रेषा किंचित खाली, बाकी काही नाही. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणी, आल्या आल्या केलं आणि सहा तासांनी पुन्हा केलं, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मिथेनॉलची लक्षणं दिसायला सहसा कित्येक तास जातात, कधी पूर्ण दिवस जातो. नजर धूसर होते, रक्तात आम्ल साचतं. याची नजर साफ होती, रक्तातलं आम्लाचं प्रमाण ठीक होतं आणि त्रास पहिली क्वार्टर पोटात गेल्यावर वीसेक मिनिटांत सुरू झाला होता. हमाल म्हणाला, "मॅडम, काल पण असंच लाल झालं होतं तोंड. परवा पण थोडं. पित्त म्हणाला आणि वर अजून एक मारली."

तेच दुकान, तोच माल, वर्षानुवर्षांचं पिणं, आणि तीनच दिवसांत शरीर असं का उलटावं?

मी व्यसनांवर उपचार करणारी डॉक्टर. 'दारूची केस' म्हणून मला दहाच्या सुमाराला बोलावलं. तोवर बायको पोचली होती. ती बेसिनपाशी भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ गेले तर तिने नवऱ्याची चौकशी केली नाही. खालच्या आवाजात विचारलं, "गोळीने माणूस मरतो का हो?"

मग पर्समधून रुमालात गुंडाळलेली पट्टी काढली. दहाची होती. सात गोळ्या शाबूत आणि एका खणात एक अर्धुक. डायसल्फिराम, २५० मिलिग्रॅम.

मराठी घरांत या औषधाला नाव नसतं, 'दारू सोडायची गोळी' म्हणतात. दारू शरीरात दोन टप्प्यांत मोडते. आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्या विषारी पदार्थाचं निरुपद्रवी ॲसिटेट. डायसल्फिराम दुसऱ्या टप्प्याचं एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे पहिल्या टप्प्यातलं विष रक्तात साचत जातं आणि वर वर्णन केलेली अवस्था होते. एन्झाइम एका डोसात पूर्ण बंद होत नाही, म्हणून पहिल्या दिवशी नुसती लाली, दुसऱ्या दिवशी उलटी आणि तिसऱ्या दिवशी कॅज्युअल्टी. उतारा असा काही नाही. सलाइन, ऑक्सिजन, उलटीचं इंजेक्शन द्यायचं आणि लक्ष ठेवून वाट बघायची. दुपारी दोनपर्यंत रक्तदाब ११०च्या वर आला.

या औषधाचा जन्मही अपघातातलाच. अशाच प्रकारची रसायनं रबराच्या कारखान्यांत वापरात होती, आणि तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही हे १९३७ साली एका अमेरिकन डॉक्टराने नोंदवलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे डायसल्फिराम जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. गोळ्या त्यांनी स्वतः घेऊन पाहिल्या, नंतर मद्य घेतलं आणि आजारी पडले. १९४८मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे आपल्याला काय झालंय हे न कळणारा या गोळीचा माझा रुग्ण काही पहिला नव्हे.

बाईंची हकीकत साधी होती. खोली नायगावला. नवरा पहाटे तीनला चहा घेऊन चालत फुलबाजारात जातो. हार, वेण्या, गजरे करतो. आठच्या आत घाऊक गर्दी ओसरते आणि तेव्हापासून पिणं सुरू होतं. दुपारी एकला घरी येऊन झोपतो, संध्याकाळी उठून पुन्हा. रोज तीन क्वार्टर, म्हणजे ५४० मिली. त्या स्वतः घाटकोपरला तीन घरी पोळ्या करतात. लेडीज डब्यात डोळ्यांसमोर चिकटवलेलं असतं: 'न सांगता दारू सोडवा'. रोज वाचून वाचून ते वाक्य डोक्यात बसलं. शेजारणीच्या भावाला कुणा डॉक्टरने डायसल्फिराम लिहून दिलं होतं, त्याने घेतलं नव्हतं. ती पट्टी यांच्याकडे आली. पोळपाटावर लाटण्याने गोळी भरडायची आणि पहाटेच्या चहात घालायची. पहिल्या दिवशी अर्धी, मग दोन दिवस एकेक. "गटारीच्या आधी थांबले पाहिजेत एवढंच होतं डोक्यात. गेल्या गटारीला गटारातच सापडले होते, अक्षरशः."

मी त्यांना रागावले नाही. या प्रसंगात रागावण्याची घाई डॉक्टरांना फार होते. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकाला काहीतरी उपचार मिळालेला असतो. उरलेल्या सदतीस घरांमध्ये बायका, आया, वहिन्या काय काय करून बघत असतील? अंगारा, शपथ, माळ आणि ही पट्टी. मात्र त्या दिवशी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. नाजूक हृदयाचा माणूस या प्रसंगात जाऊ शकतो. आणि यांचा धोका अजून टळलेला नाही, खरा आता सुरू होणार आहे.

कारण डायसल्फिराम दारू थांबवतं, पण दारू थांबल्यावर जे होतं ते सांभाळत नाही. रोज तीन क्वार्टर पिणाऱ्याची एका सकाळी अचानक बंद झाली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान वात होतो, डेलिरियम. चहात गोळी घालणाऱ्या घराला याची कल्पना नसते. माणूस घाबरून प्यायचा थांबला तर घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं, आणि तिसऱ्या रात्री तो भिंतीशी बोलायला लागला की वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं.

आम्ही ठेवून घेतलं. संध्याकाळी हात कापू लागले. दारू बंद झाल्यावरचा त्रास मोजायची जी दहा कलमांची, ६७ गुणांची मोजपट्टी आहे, तिच्यावर रात्री दहाला २४. हा त्रास आवरायची गुंगीची गोळी निवडताना एरवी आम्ही क्लोरडायझेपॉक्साइडकडे वळतो. इथे लोराझेपाम निवडलं, त्याला दोन कारणं होती. यकृत दुखावलेलं होतं: एएसटी १४८, एएलटी ७१, जीजीटी ३१२. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, अंगात डायसल्फिराम होतं. क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम यकृतात ज्या वाटेने मोडतात ती वाट डायसल्फिराम अडवतं, मग गुंगी नको तितकी चढते. लोराझेपामची वाट वेगळी आहे. पट्टी रुमालातून बाहेर आली नसती तर हा विचार आम्ही केलाच नसता.

थायमिन, म्हणजे बी-१, शिरेतून दिलं. यात आमची एक चूक झाली. कॅज्युअल्टीत सवयीने आधी डेक्स्ट्रोजची बाटली लावली गेली होती. साखर ११२ होती, ग्लुकोजची गरज नव्हती. वर्षानुवर्षं भातापेक्षा दारूवर जगलेल्या माणसात थायमिनचा साठा जेमतेम असतो. त्यावर नुसतं ग्लुकोज ओतलं तर उरलेला साठाही संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तसं झालं नाही, हे नशीब.

औषध असूनही तिसऱ्या रात्री वात झालाच. पलंगावर मांडी घालून बसला होता. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हवेतली कळी धरायची, उजव्या हाताने दोरा खांद्यापर्यंत ओढायचा, गाठ मारायची, पुढची कळी. चार-पाच गाठी झाल्या की दोरा दातांनी तोडल्यासारखं करायचा आणि तयार वेणी माझ्या दिशेने झटकायचा, पाणी शिंपडल्यावर झटकतात तशी. "अबोली संपली. आतून आण." कामाचा वात, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. मेंदू सगळं विसरला तरी हातांना काम पाठ असतं. डोस वाढवला, बाई रात्रभर शेजारी बसल्या. पहाटे तीनला तो म्हणाला, "चहा टाक." त्या उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

सहाव्या दिवशी माणूस पूर्ण भानावर आला. आता सांगायचं की नाही?

बाई हात जोडत होत्या, सांगू नका, मला सोडून जातील. माझा एक तरुण सहकारीही म्हणाला, झालं गेलं, आता नातं कशाला बिघडवायचं? मी ठाम होते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित त्रास मानसिक आजारात धरलेला आहे आणि निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या माणसाच्या संमतीशिवाय उपचार नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधं गणित आहे. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा प्रकार पुन्हा होऊ शकतो. माणूस घरी जाणार, त्याला माहीत नाही, आणि वाटेत गुत्ता.

सांगितलं बाईंनीच, मी फक्त खुर्ची ओढून बसले. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणून कपाच्या तळाशी साका राहायचा. मला वाटलं दूध पावडरचं आणायला लागलीस." डायसल्फिराम पाण्यात जवळपास विरघळत नाही, तळाशी बसतं. घरी गेल्यावर अकरा दिवस तो स्वतःचा चहा स्वतः करत होता, एवढंच मला कळलं.

निदानाबद्दल थोडं. आमच्याकडे परदेशी प्रश्नावल्या आहेत, पण मुंबईत मी आधी एक प्रश्न विचारते, श्रावण पाळता का? 'मी बेवडा नाही, श्रावणात हात लावत नाही' हा इथला सर्वांत आवडता बचाव. याने वीस वर्षं श्रावण पाळला होता. चार वर्षांपूर्वी दहीहंडीला मोडला, त्यापुढच्या वर्षी नागपंचमीला, गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी, सकाळी हात थांबेनात म्हणून. ताबा सुटणं आणि शरीराची गरज होणं, दोन्हीच्या तारखा पंचांगातच मिळाल्या. (दरवर्षी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात फिट आलेली माणसं येतात. गटारीपर्यंत भरपूर प्यायची आणि प्रतिपदेला एकदम बंद. रोज पिणाऱ्याने असं करू नये, डॉक्टरकडे येऊन बंद करावी. याबद्दल कुणी फलक लावत नाही.)

आता पुढचं औषध. माझ्या मनात नालट्रेक्सोन होतं, ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ते मेंदूतली ओपिऑइडची (अफूच्या जातीच्या द्रव्यांची) दारं बंद करतं, त्यामुळे प्यायल्यावर मिळणारी मजा ओसरते आणि तलफ कमी होते. पिऊन बसला तरी लाल होत नाही, कोसळत नाही. पण घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या, त्यात पाठीसाठीची वेदनाशामक गोळी निघाली आणि तिच्यात ट्रामाडोल. टोपल्या उचलून पाठ गेलेली, दिवसाला दोन-तीन घेत होता. ट्रामाडोल ओपिऑइडच. त्यावर नालट्रेक्सोन दिलं असतं तर माणूस दुसऱ्याच विड्रॉवलमध्ये, म्हणजे ओपिऑइड तुटल्याच्या त्रासात, गेला असता. पिशवीभर पट्ट्या तपासायला चार मिनिटं लागतात. ओपीडीत ती नसतात, पण काढावी लागतात.

म्हणून अकॅम्प्रोसेट. यकृतावर भार नाही, मूत्रपिंडातून जातं, आणि क्रिएटिनिन ०.९ होतं. दारू सुटल्यावर मेंदूत जी बेचैनी, जी अर्धवट झोप राहते, ती हे औषध शांत करतं. ३३३ मिलिग्रॅमची गोळी. एरवी दोन-दोन-दोन देतात, साठ किलोंच्या खालच्या माणसाला दोन-एक-एक. केसपेपरवर लिहिलं, सकाळ दोन, दुपार एक, रात्र एक. बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "यांची सकाळ कुठली धरायची?"

खरंच कुठली? अडीचला उठणारा, एकला झोपणारा, पाचला उठणारा, नऊला पुन्हा आडवा होणारा माणूस. आमचे सगळे कागद नऊ ते पाचवाल्यांसाठी छापलेले. शेवटी वेळ घड्याळावर न ठेवता कामावर ठेवली. पहाटेच्या चहानंतर दोन, घाऊक माल संपला की एक, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना एक. मधली गोळी सर्वांत महत्त्वाची, कारण ती नेमकी पहिल्या क्वार्टरच्या वेळेला येत होती. आणि तीच सर्वांत जास्त चुकायची.

झोपेच्या गोळीचा हट्ट झाला. लोराझेपाम आठ दिवसांत उतरवून बंद केलं होतं, ते पुन्हा दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात उदास होता, रडायचा, फुलांचा वास नकोसा म्हणायचा. सहकाऱ्याला उदासीची गोळी सुरू करायची होती. मी महिनाभर थांबायला सांगितलं. दारूने आणलेली उदासी बहुधा दारूबरोबर उतरते. पाचव्या आठवड्यात ती बरीच उतरली होती, आणि आणखी एक गोळी वाढायची टळली.

मग गणपती आले. फुलबाजाराला गणपतीत रात्र-दिवस नसतो. मधली गोळी गेली, मग पहाटेचीही. अनंत चतुर्दशीच्या रात्री, दहा दिवसांची कमाई खिशात असताना, तो तीन क्वार्टर प्यायला. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी ओपीडीत माझ्यासमोर एकटा उभा होता, दाढी केलेली, कडेला कापलेलं. एकटा आला याची मी ठळक नोंद केली. यापूर्वी दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला होता, दोन्ही वेळा लोकांनी उचलून नेलं होतं.

ट्रामाडोल सुटून दीड महिना झाला होता, म्हणून मी नालट्रेक्सोन सुचवलं. त्याने मान हलवली. "ती द्या. चहातली. पण या वेळी मी घेणार."

मला ती द्यायची नव्हती, हे कबूल करते. याच गोळीने त्याला कॅज्युअल्टीत आणलं होतं आणि यकृतासाठीही ती निर्धोक नाही. पण त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. तलफ कमी करणाऱ्या गोळीवर सकाळी साडेसात ते दुपारी एक, दर पंधरा मिनिटांनी नाही म्हणावं लागतं. ही घेतली की पहाटे एकदाच ठरतं. औषधशास्त्रात न बसणारं वाक्य, पण संशोधन त्याच्या बाजूने आहे. २०१४ साली आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं की ज्या चाचण्यांत रुग्णाला आपण खरी गोळी घेतोय की खोटी हे माहीत नव्हतं, त्यांत डायसल्फिरामचा फायदा दिसला नाही. जिथे उघडपणे घेतली तिथे दिसला. ही गोळी एन्झाइमवर काम करते तेवढीच घेणाऱ्याच्या माहितीवर करते. चहातल्या गोळीत नेमका तोच अर्धा भाग गहाळ असतो.

एएसटी ५२, एएलटी ४४ वर आले होते, ईसीजी आणि इको ठीक. शेवटच्या घोटाला दोन दिवस झाले होते. दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. दोन आठवड्यांचा पल्ला, म्हणजे दोन दिवस चुकवून तिसऱ्या दिवशी पिणं चालणार नाही. खोकल्याचं औषध बाटली वाचून. आसव-अरिष्टं बंद. इथे बाई दचकल्या, कारण अशक्तपणासाठी त्यांनी द्राक्षासव आणून ठेवलं होतं. त्यात मुरताना तयार झालेली दारू असतेच. दाढीनंतर लावायचं लोशन नको. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर या गोळीचं नाव आधी सांगा, पोटासाठी मेट्रोनिडाझोल लिहून देतील, ते हिच्याबरोबर चालत नाही. खिशात चिठ्ठी ठेवायची. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली की गोळी बंद करून त्याच दिवशी यायचं. यकृताची तपासणी दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला.

आणि त्याची स्वतःची एक अट: "चहाच्या वेळीच घेईन, पण चहात नाही."

पहाटे तीनला तो स्टीलच्या पेल्यात पाणी घेतो, गोळी टाकतो, बोटाने ढवळतो, साक्यासकट पितो. बाई समोर बसतात, मोजत नाहीत, विचारत नाहीत. मग त्या चहा देतात. बाई मला म्हणाल्या की कप संपला की तो अजून एकदा तळाशी बघतो आणि मग खाली ठेवतो. त्यांना ते लागतं. मी त्यावर काही बोलले नाही. गुरुवारी दादरला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग आहे असं कुणीतरी त्याला सांगितलं, दोनदा गेला, 'बोलायला लावतात' म्हणून थांबला. त्या जागी समुपदेशकाशी महिन्यातून दोनदा फोन चालू आहे. रात्री-अपरात्रीसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चिठ्ठीच्या मागे लिहून दिला आहे.

दसरा गेला. झेंडूच्या ढिगावर दोन रात्री जागून काढल्या, प्यायला नाही. दिवाळीत पाच दिवस गोळी चुकली, घरात भांडण झालं होतं. त्या पाच दिवसांत प्यायलाही नाही, कारण पल्ला माहीत होता. सहाव्या दिवशी पेला पुन्हा निघाला. शेवटची तपासणी: एएसटी ४६, एएलटी ४१, जीजीटी ८८, वजन ५८.

पुढची तारीख देताना गुरुवार पडत होता. त्याने बदलून मागितली, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, बाजार सोडता येत नाही म्हणाला. शुक्रवार दुपारी दीडचा दिला. त्याची ती झोपायची वेळ, पण येतो म्हणाला.